कासवीची दृष्टी

कासव या प्राण्याशी माझी ओळख तशी जुनी. पण ती सगळी देवळातली. गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्याच्यावर पाय पडू द्यायचा नाही, एवढे लहानपणी आजीने शिकवले. पुढे मराठीचा प्राध्यापक झालो आणि कासव पुन्हा भेटले ते संतवाङ्मयात. कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजीत नाही, चारा भरवीत नाही. दूर राहून नुसत्या दृष्टीने ती त्यांचे पोषण करते आणि देवाचीही भक्तावर अशीच कृपादृष्टी असते, हा दृष्टांत आमच्या संतांना फार प्रिय. गेली वीस वर्षे मी तो वर्गात शिकवीत आलो आहे आणि मुलेही तो परीक्षेत निमूटपणे लिहीत आली आहेत. लिहिणाऱ्याने किंवा तपासणाऱ्याने जिवंत कासव पाहिलेले असावे, अशी अट कुठल्याच विद्यापीठाने अजून घातलेली नाही.

विघ्न आले ते प्राणिशास्त्राकडून. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे गृहस्थ स्टाफरूममध्ये माझ्या शेजारीच बसतात. एकदा माझ्या टाचणवहीत त्यांनी तो दृष्टांत वाचला आणि मोठ्याने हसले. म्हणाले, "अहो, समुद्रातली कासवीण रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि तासाभरात पुन्हा पाण्यात. तिनं आपली पिल्लं जन्मात कधी पाहिलेली नसतात! कसली दृष्टी नि कसलं पोषण?"

मी म्हटले, "मग पिल्लांना पाहतं कोण?"

"वेळासला चला, दाखवतो," ते म्हणाले.

असा योग आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी, सौ., आठवीतली कन्या आणि प्राणिशास्त्र असे चौघे पुण्याहून निघालो. मंडणगडवरून सरळ रस्ता असताना आम्ही हरिहरेश्वरावरून वाकडी वाट केली, कारण सौ.च्या माहेरचे ते कुलदैवत. बायकोच्या माहेरचे कुलदैवत वाटेत नसले तरी वाटेत असते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. दर्शन घेऊन बागमांडल्याला आलो. तिथे सावित्रीची खाडी ओलांडायला फेरीबोट आहे. या भागात तिला 'जंगल जेटी' म्हणतात. माणसे, मोटारी, फटफट्या, कोंबड्यांची खुराडी सगळे एकदमच तिच्या पोटात शिरते. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे वेसवी. रायगड जिल्हा संपला, रत्नागिरी सुरू झाला.

ही खाडी मराठ्यांच्या इतिहासातली मोठी अजब जागा आहे. उत्तरेला श्रीवर्धन, तिथले भट पेशवे झाले. दक्षिणेला वेळास, तिथले भानू पेशव्यांचे फडणीस झाले. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धन सोडून निघाले तेव्हा वेळासच्या भानूंनी त्यांना साथ दिली आणि "आम्हांला भाकरी मिळाली तर चतकोर तुम्हांला" असे वचन तेव्हा दिले गेले, अशी कथा सांगतात. त्याच भानूंच्या कुळात पुढे नाना फडणीस झाले. मध्ये उभा असलेला बाणकोटचा किल्ला पुढे इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हटले. किल्ल्याच्या पायथ्यावरून रस्ता वळणे घेत वेळासला उतरतो. चतकोर भाकरीची ती गोष्ट मी कन्येला गाडीत तिखटमीठ लावून सांगितली. वाटून खाण्याच्या त्याच प्रश्नाशी पुढच्या दोन दिवसांत पुन्हा गाठ पडेल, हे तेव्हा ध्यानीमनी नव्हते.

वेळास हे डोंगराच्या कुशीतले गाव. नारळी-पोफळीच्या आगरांतून एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्याची गडगी, कौलारू घरे, पुढे अंगण, ओटी, पडवी, माजघर, आणि मागे थेट आगर. गावात नानांचे स्मारक आहे, त्यांच्या घराण्याची म्हणून सांगितली जाणारी देवळे आहेत. हॉटेल मात्र मला दिसले नाही. ज्यांच्या घरी आमची सोय झाली होती ते काका-काकू साठीच्या पुढचे. काकूंनी आल्या आल्या कोकमाचे सरबत पुढे केले आणि पहिला प्रश्न विचारला, "तिखट कितपत चालतं?" पाहुण्याचे गोत्र, गाव आणि पगार हे प्रश्न दुसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवण्याइतक्या त्या आता सरावलेल्या होत्या.

संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर जायचे होते. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये चांगली पायवाट आहे. वाटेत काकांनी सगळी हकिकत सांगितली, ती थोडक्यात अशी.

चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेची मंडळी, श्री. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, २००२ साली या किनारपट्टीवर समुद्री गरुडाची घरटी मोजीत हिंडत होती. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले पडलेली दिसली. चौकशी करता कळले की इथे थंडीच्या दिवसांत कासवे येतात, अंडी घालतात आणि ती अंडी माणसे काढून नेतात. माणसांकडून उरली तर कुत्री, कोल्ही. १९७२च्या कायद्याने कासवाला संरक्षण होते. पण कायदा राहतो शहरात आणि कासव येते वेळासला. संस्थेच्या लोकांनी पोलीस आणले नाहीत. ते गावात येऊन बसले, बोलत राहिले, आणि जे अंडी शोधण्यात तरबेज होते त्यांनाच हाताशी धरले. घरटे सापडले की अंडी काळजीपूर्वक उचलून कुंपणातल्या खड्ड्यात पुन्हा तशीच पुरायची आणि पिल्ले निघेपर्यंत राखण करायची. राखणीला पैसा लागतो. तो दर वर्षी आणायचा कुठून? त्यावरची तोड म्हणून २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला शहरातली माणसे येतील, ती गावातल्याच घरांत उतरतील, गावातलेच अन्न खातील, आणि त्यांनी ठेवलेल्या पैशात गावाला कासवाची किंमत कळेल, असा हिशेब.

"हिशेब बरोबर होता," काका म्हणाले, "पण पहिल्या वर्षी आमच्याच पोटात गोळा. पाहुण्याला जेवू घालायचं आणि पैसे मागायचे? आमच्या आईनं तर चार दिवस माझ्याशी अबोला धरला. आणि दुसरं म्हणजे, शहरातली माणसं, त्यांना संडास घरात लागतो. तो कुणाच्या घरात होता तेव्हा? आधी ते बांधलं. एक बांधलं, दोन बांधली. आता गावात कासवाच्या नावानं काय झालं म्हणाल तर पहिलं तेच झालं."

हे ऐकून प्राणिशास्त्राने वहीत काही टिपून घेतले. मला मात्र त्या म्हातारीचा अबोला फार आवडला.

आता या कामात हात पुष्कळ आहेत. वनखाते आहे, त्याचे वनरक्षक आहेत. गावाचे कासवमित्र आहेत. ग्रामपंचायत आहे, घराघरांतल्या काकू आहेत, पापड-कोकम करणाऱ्या बायकांचे बचतगट आहेत. हात पुष्कळ असले की काम हलके होते असे पुस्तकात म्हणतात. प्रत्यक्षात आधी कुणाचा हात कुणाच्या हातावर पडला, याच्याच बैठका जास्त होतात. काकांच्या बोलण्यात हे येत गेले, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. घरातल्या सासू-सुनांविषयी बोलावे तसे ते खात्यांविषयी बोलत होते.

किनाऱ्यावर कुंपण घातलेला वाळूचा चौक आहे. आत ओळीने खड्डे, प्रत्येकाशी एक पाटी: अंडी सापडल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या. ज्या खड्ड्यांचे दिवस भरत आले आहेत त्यांच्यावर पालथ्या टोपल्या. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वाळू सारीत आपणहून वर येतात. वाळू अधिक तापलेली असेल तर माद्या निपजतात, थंड असेल तर नर. आईबापांचा त्यात काही संबंध नाही. हे ऐकून सौ. म्हणाल्या, "म्हणजे नवस करायचा तर वाळूलाच करायला हवा."

पन्नाशीचा एक कासवमित्र टोपल्यांजवळ उभा होता. काळा, सडपातळ, पायात चप्पल नाही. आम्ही शे-दीडशे माणसे दोरीपलीकडे श्वास रोखून. त्याने पहिली टोपली उचलली. काही नाही. दुसरी उचलली. काही नाही. सगळ्या टोपल्या उचलून पुन्हा पालथ्या घातल्या आणि हात जोडून म्हणाला, "आज नाय मंडळी. उद्या सकाळी सातला."

गर्दीत नाराजीचा आवाज उठला. एक सद्गृहस्थ पुढे होऊन म्हणाले, "आम्ही इतक्या लांबून खर्च करून आलोय. एखादा खड्डा जरा उकरून तर बघा!" कासवमित्र त्यांच्याकडे शांतपणे पाहून म्हणाला, "सायेब, बाळंतपणाला घाई करून चालतं काय?" दोरीपलीकडच्या बायका एकदम हसल्या आणि ते सद्गृहस्थ आपल्या कॅमेऱ्याशी काहीतरी करू लागले.

माणसे पांगल्यावर मी त्या कासवमित्राशी बोललो. त्याने काही आडपडदा ठेवला नाही. "पयलं मीच काढायचो अंडी. पायांच्या खुणा बघत जायचं, काठी खुपसायची. वाळू भुसभुशीत लागली की हाताला कळतं. आता बी काठीच खुपसतो. तवा टोपली भरून घरला जायची, आता हितं येते."

"मग पूर्वी चांगलं होतं की आता?"

तो जरा विचार करून म्हणाला, "पयलं झोप मिळायची."

हंगामात पहाटे तीन-चारपासून त्याची किनाऱ्यावर फेरी असते. भरतीने खुणा पुसायच्या आत आणि कुत्र्यांच्या आधी घरटे गाठायचे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हे असेच. इकडे ओडिशातल्या गहिरमाथ्यासारखी एका रात्रीत हजारोंनी कासवे येत नाहीत. एकेकटी, कुठे चाहूल न लावता येतात. पण ही एकेकटी येणारी आणि ती हजारोंनी येणारी अगदी निराळी असे जे मानीत, त्यालाही अलीकडे धक्का बसला. ओडिशात २०२१ साली जिच्या पायाला बिल्ला लावला होता अशी एक कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. सगळा हिंदुस्थान वळसा घालून ती कोकणात आली. आणि याच वेळासच्या वाळूवरून २०२२च्या जानेवारीत पाठीवर उपग्रहाचे यंत्र घेऊन समुद्रात गेली ती 'प्रथमा'. आमच्या कन्येला ही नावे तोंडपाठ होती. बापाचे नाव व्याकरणात कितवे येते ते मात्र तिला अजून सांगता येत नाही.

रात्री जेवायला कुळथाचे पिठले, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, भात आणि सोलकढी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा किनारा, पुन्हा टोपल्या, पुन्हा काही नाही. कन्येच्या डोळ्यांत पाणी. परत येताना तिची समजूत सौ. घालीत होत्या आणि मी काकांबरोबर मागून चाललो होतो. सूर्य नुकताच डोंगरावर आला होता. सुरूच्या झाडांमागे समुद्राला लागून एक मोकळा तुकडा दिसला. पाच-सात वाकलेले माड, बाकी रान माजलेले. अशा जागी एक छोटेसे घर असावे, पुढे झोपाळा असावा, निवृत्तीनंतर तुकोबांची गाथा घेऊन बसावे... मध्यमवर्गीय माणसाच्या मनात कोकणात पाय ठेवला की जे येते तेच माझ्या मनात आले, आणि मनातच राहिले असते तर बरे झाले असते. मी सहज विचारले, "काका, इकडे गुंठ्याला काय भाव चालतो हो?"

काका थबकले नाहीत. "भाव काय, घेणारा सांगेल तो," एवढेच म्हणाले आणि शिंपण्याचा पंप चालू राहिला असेल असे काहीसे पुटपुटत पुढे निघून गेले. घरी आल्यावर पाहिले तर पंप बंदच होता.

दुपारी काकूंनी मला मागचे आगर दाखवले. दाखवले म्हणजे, काय नाही ते दाखवले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढले. खाडीच्या या तीरालाही त्याने सोडले नाही. "सकाळी पोफळी मोजल्या नव्हत्या," काकू म्हणाल्या, "संध्याकाळी मोजायला लागल्या नाहीत." पोफळ लावली की पहिली सुपारी हाती यायला पाच-सहा वर्षे जातात, भरघोस बाग व्हायला त्याहून अधिक. सासऱ्यांनी लावलेली बाग चार तासांत आडवी झाली. त्या वर्षी करोनामुळे मार्चपासून पाहुणेही बंद. मुंबईला नोकरी करणारा मुलगा तेव्हा घरी आला तो राहिलाच. आज पाहुण्यांची उठबस तोच पाहतो. "ही लोकं यायला लागली म्हणून तरलो. नाही तर रोपं आणायला पैसे कुठले?" कमरेएवढ्या पोफळीवरून हात फिरवीत त्या म्हणाल्या. "पण सगळेच नाहीत तरले."

कोण तरले नाहीत ते रात्री कळले.

त्या संध्याकाळीही पिल्ले निघाली नाहीत. जेवणे झाल्यावर काकांच्या ओटीवर माणसे जमू लागली. दहा-बारा पुरुष, चार-पाच बायका, तो कासवमित्र, आणि गणवेश उतरवून साध्या कपड्यांत आलेला वनरक्षक. आम्ही उठू लागलो तर काका म्हणाले, "बसा हो सर. तुम्हीही त्यातलेच." या वाक्याचा अर्थ मला पाच मिनिटांनी समजला.

बैठक त्या समुद्राकाठच्या तुकड्याविषयी होती. तो काकांच्या चुलत भावाचा. बाहेरगावचा कोणी एक त्याला चांगली रक्कम देऊ करीत होता; तिथे खोल्या बांधायच्या, दिवे लावायचे, गाणीबजावणी करायची असा बेत. वनरक्षकाने समजावून सांगितले, आणि प्राणिशास्त्राने मान डोलावून दुजोरा दिला, की अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाकडे धावते. चांदण्यात समुद्राची बाजू उजळ असते म्हणून ते समुद्राकडे जाते. किनाऱ्यामागे विजेचे दिवे लागले तर ते उलटे गावाकडे जाईल आणि सकाळी कावळ्यांच्या तोंडी पडेल. अंडी घालायला येणारी मादीही उजेड पाहून माघारी फिरते.

चुलतभाऊ कोपऱ्यात खांबाला टेकून बसला होता. चाळिशीचा असेल. तो एकदम म्हणाला, "हे सगळं मला ठाऊक आहे. वीस वर्षं मीही टोपल्या उचलल्यात. पण माझं काय ते बोला. ज्याच्या घरी दोन खोल्या जादा, त्याच्याकडे पाहुणा. माझं घर दोन खणांचं. पाहुणा ठेवू कुठे, चुलीवर?"

"तुझ्याकडचे नारळ, ताक आम्ही घेतोच की," बचतगटातल्या एक बाई म्हणाल्या.

"नारळ!" तो म्हणाला. "झाडं कुठायत वहिनी?"

ओटीवर कोणीच काही बोलले नाही. मागे आगरात रातकिडे ओरडत होते.

मग हळूहळू बोलणे सुरू झाले. कोणी म्हणाले, विकणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही, जमीन त्याची आहे. कोणी म्हणाले, एकदा बाहेरचा आला की पुढच्या वर्षी पाहुणे आपल्याकडे कशाला उतरतील, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कासवे तरी कशाला येतील. एका म्हाताऱ्याने सुचवले की सगळ्या घरांनी हंगामाच्या मिळकतीतून थोडे थोडे काढून याला एक खोली आणि न्हाणीघर बांधून द्यावे. त्याने पाहुण्यांच्या पैशातून चार वर्षांत फेडावे. त्यावर एक तरुण फटकन म्हणाला, "आणि माझं घर त्याच्याहून लहान आहे, त्याचं काय?" झाले! पुन्हा पहिल्यापासून. कोणाच्या घरी किती पाहुणे गेले, रस्त्यालगतच्या घराला कसे आपोआप जास्त मिळतात, कोणी दर पाडून पाहुणे ओढले, अशी वीस वर्षांची उणीदुणी निघाली. मला आमच्या सहकारी गृहसंस्थेच्या वार्षिक सभेची आठवण झाली. फरक एवढाच की इथे कोणी उठून गेले नाही आणि मध्येच काकूंनी सर्वांना चहा दिला तेव्हा भांडणारे दोघे एकाच बशीतून चहा प्याले.

अकरा वाजता बैठक मोडली. ठरले काहीच नाही. चुलतभाऊ "बघतो" एवढे बोलून अंगणात उतरला.

सगळे गेल्यावर मी काकांना म्हटले, "काका, सकाळी मी ते भावाचं विचारलं..."

"त्यात काय," ते म्हणाले. "दहा पाहुण्यांत आठ जण विचारतात. तुम्ही निदान तिसऱ्या जेवणापर्यंत थांबलात." आणि कंदील खाली करून ते आत गेले. मी ओटीवर बराच वेळ बसून राहिलो. शिकल्यासवरल्या माणसाला आपण पाहुणा आहोत की गिऱ्हाईक, हे दुसऱ्याने सांगावे लागू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे आमच्या निघण्याच्या दिवशी, फारशी आशा नव्हती. माणसेही कमी होती. कासवमित्राने तिसरी टोपली उचलली आणि नुसता हात वर केला. वाळू हलत होती. पहिल्यांदा एक काळे टोक, मग वल्ह्यासारखा एक चिमुकला पाय, आणि मग जणू तळाशी कोणी उकळी फोडली असावी तशी पिल्ले एकावर एक चढत वर येऊ लागली. प्रत्येक पिल्लू तळहाताच्या निम्म्याएवढे, करड्या-काळ्या रंगाचे. मोजून ती पाटीत घेतली आणि पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडली. पाण्यात नेऊन सोडायची नाहीत; चालत जायला हवीत. त्या चालण्यातच ती हा किनारा ओळखून ठेवतात आणि मोठी झालेली मादी पुष्कळ वर्षांनी याच भागात परत येते, असे मानतात. हजारांतले एखादेच तेवढे जगते म्हणे.

पन्नास-साठ पिल्ले समुद्राकडे निघाली. एखादे सरळ धावत सुटले, एखादे दोन पावले टाकून विचारात पडले. एक पिल्लू नेमके उलटे फिरून आमच्याकडे येऊ लागले. कन्या हात पुढे करणार तोच मागून आवाज आला, "नको ताई, त्याला कळेल." दोरीचे टोक धरून उभा असलेला तो माणूस म्हणजे रात्रीचा चुलतभाऊच होता. पिल्लू थांबले, वळले आणि चालू लागले. पहिली लाट आली आणि त्याला पुन्हा हातभर मागे फेकून गेली. दुसऱ्या लाटेने नेले. शे-दीडशे डोळे पाण्यावर खिळलेले, कोणी बोलत नव्हते. सौ. माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी नकळत दोन्ही हात जोडले होते. मी प्राणिशास्त्राकडे पाहिले. तेही चष्मा पुसत होते. खारा वारा फार होता, असे त्यांचे म्हणणे.

मी त्या चुलतभावाकडे पाहत होतो. तो पिल्लांकडे पाहत नव्हता. तो आकाशात पाहत होता, घारी-कावळे येताहेत का ते. शेवटचे पिल्लू पाण्यात जाईपर्यंत त्याची मान खाली आली नाही.

निघताना कन्येने कुंपणातला एक खड्डा आपला म्हणून ठरवून ठेवला. ११२ अंडी, दिवस भरायला दोन आठवडे अवकाश. काकांच्या मुलाने तिला कळवायचे वचन दिले. काकूंनी सौ.च्या पिशवीत कोकमे आणि आमसुले घातली आणि त्यांचे पैसे वेगळे मागून घेतले. ती बचतगटाची होती. घरची म्हणून दिलेल्या चार पापडांचे मात्र घेतले नाहीत. त्यांच्या सासूबाईंचा अबोला अगदीच वाया गेला नव्हता.

जूनमध्ये कॉलेज सुरू झाले आणि नेमका तोच अभंग शिकवायला आला. मी नेहमीप्रमाणे दृष्टांत सांगितला, आणि मग कासवीण आपली पिल्ले कधीच पाहत नाही हेही सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग सर, परीक्षेत काय लिहायचं?" मी त्याला वेळासच्या पहाटे तीनच्या फेरीविषयी सांगू लागलो आणि तास संपला. परीक्षेत काय लिहायचे ते राहूनच गेले.

गणपतीच्या दिवसांत काकांचा फोन आला. खड्ड्याची बातमी मुलाने कन्येला केव्हाच कळवली होती: ११२ पैकी ८३. काकांनी पावसाची, नव्या पोफळींची हकिकत सांगितली. कमरेएवढ्या होत्या त्या आता खांद्याला आल्या. मी जरा चाचरतच विचारले, "तो समुद्राकडचा तुकडा?"

"अजून आहे," ते म्हणाले. "खोलीसाठी नऊ घरांनी पैसे काढले. सात घरं अजून बघू म्हणतायत. तोही बघू म्हणतोय. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला." मग थोडे थांबून म्हणाले, "नोव्हेंबरात पहिलं घरटं सापडलं की कळवतो. काठी घेऊन तोच जाणार आहे."